दुखणं बळावलं, उलटलं की पुढे गेलं?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मॅडम, माझ्या वडिलांना सात-आठ वर्षांपासून सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुना आजार आहे, पंप रोज चालू असतो. गेल्या महिन्यात साधी सर्दी झाली आणि तीन दिवसांत दम इतका वाढला की अ‍ॅडमिटच करावं लागलं. सहा दिवसांनी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात ‘अ‍ॅक्युट एक्झॅसर्बेशन ऑफ सीओपीडी’ असं लिहिलंय. मी अर्थ शोधला तर कुठे ‘तीव्रता’, कुठे ‘प्रकोप’, कुठे ‘बिघाड’ असं मिळालं. भाऊ म्हणतो आजार पुढच्या स्टेजला गेला, आई म्हणते मग आता हे बरे होणारच नाहीत का, आणि वडील स्वतः काहीच बोलत नाहीत, नुसतं ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत बसतात. नेमकं काय झालंय त्यांना?

उत्तर : ते कार्ड आजच तुमच्या वडिलांना मराठीत वाचून दाखवा. असं वाचा : ‘आधीपासून असलेला सीओपीडी अचानक बळावला होता.’ त्या ओळीचा अर्थ एवढा आहे. स्टेजबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

आता एकेक शब्द घेऊ, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘अ‍ॅक्युट’ म्हटलं की घरच्यांना वाटतं सिरीयस. तसं नाहीये. अ‍ॅक्युट म्हणजे थोड्या वेळात सुरू झालेलं, आणि ‘क्रॉनिक’ म्हणजे बरेच दिवस चालणारं, हे दोन्ही शब्द काळ सांगतात, आजार किती गंभीर आहे ते सांगत नाहीत. साधी सर्दीसुद्धा अ‍ॅक्युटच असते. गंभीर म्हणायचं असेल तर डॉक्टर ‘सिव्हिअर’ असा वेगळा शब्द लिहितात.

‘एक्झॅसर्बेशन’च्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आजार आधीपासून आहे आणि त्याची एक नेहमीची पातळी आहे. धडधाकट माणसाला न्यूमोनिया झाला तर त्याला एक्झॅसर्बेशन म्हणत नाहीत, कारण तिथे बळावायला आधीचं काही नसतंच. पण ज्याला रोज थोडा दम लागतो, सकाळी थोडा कफ पडतो, त्याच्या या रोजच्यापेक्षा अचानक जास्त व्हायला लागलं की मग हा शब्द येतो. म्हणून मी पेशंटला पहिला प्रश्न ‘दम लागतो का’ असा विचारतच नाही, कारण लागतोच. मी विचारते, नेहमी काय जमतं आणि आता काय जमत नाहीये. एका आजोबांनी दिलेलं उत्तर मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, अंघोळ झाल्यावर बनियन घालायला मी कधी बसत नव्हतो, परवापासून बसावं लागतंय. मशीन लावायच्या आधीच निदान झालं होतं.

डॉक्टर हे ठरवतात कशावरून? १९८७ साली अँथोनिसेन नावाचे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात केलेल्या एका अभ्यासात तीन खुणा धरल्या होत्या : दम वाढणं, बेडक्याचं प्रमाण वाढणं, आणि बेडक्याचा रंग बदलून तो पुवासारखा होणं. इतकी वर्षं झाली तरी आम्ही पेशंटच्या उशाशी उभं राहून याच तीन गोष्टी विचारतो. सीओपीडीसाठी ‘गोल्ड’ नावाच्या जागतिक मार्गदर्शक सूचना आहेत, त्यांच्या २०२३ च्या व्याख्येत मुदतही घातलीय, म्हणजे दम किंवा खोकला-कफ १४ दिवसांच्या आत वाढत गेलेला असला पाहिजे. सहा महिन्यांत हळूहळू चालणं कमी झालं तर त्याला एक्झॅसर्बेशन म्हणायचं नाही, ती गोष्ट वेगळी आहे.

आणि ती वेगळी गोष्ट म्हणजेच तुमचा भाऊ म्हणतोय ते, आजार पुढे जाणं, प्रोग्रेशन. रस्त्याचं उदाहरण घ्या. सीओपीडी हा हळूहळू उतरत जाणारा रस्ता आहे, तो उतार म्हणजे प्रोग्रेशन, आणि एक्झॅसर्बेशन म्हणजे त्या रस्त्यातला खड्डा. माणूस खड्ड्यात पडतो आणि बाहेरही येतो. तुमचे वडील आलेत. पण मी खोटा दिलासा देणार नाही, काही वेळा खड्ड्यातून वर आल्यावर रस्ता आधीपेक्षा थोडा खालून जाताना दिसतो. वारंवार खड्डे लागले तर उतारही जास्त होतो, म्हणून तर आम्ही एकेका एक्झॅसर्बेशनला इतकं जपतो.

तुमच्या भावाला आणखी एक सांगा. फुप्फुसं किती अडली आहेत ते स्पायरोमेट्रीवर बघतात, म्हणजे जोरात फुंकायची ती टेस्ट, आणि ती पेशंट स्थिर असताना करायची असते, खड्ड्यात असताना नाही. म्हणजे त्या सहा दिवसांच्या कार्डावरून आजार पुढे गेला की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही, ना भावाला ना मला. पूर्ण सावरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा टेस्ट करा आणि आधीच्या टेस्टशेजारी ठेवून बघा.

सावरायला मात्र वेळ द्या. घरी आले म्हणजे बरे झाले असं नसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेशंटची फुंकण्याची ताकद रोज मोजली होती, तेव्हा जवळपास चारपैकी एका एक्झॅसर्बेशननंतर ती पाच आठवड्यांनीही पहिल्यासारखी झाली नव्हती. त्यामुळे वडील अजून दोन जिने सलग चढत नसतील तर त्यांच्या मागे लागू नका आणि ‘झालं, आता असंच राहणार’ असंही म्हणू नका. स्टेरॉईडच्या गोळ्या पाचच दिवस दिल्या असतील तर त्यानंही घाबरू नका. पूर्वी दोन आठवडे द्यायचे, पण २०१३ च्या एका स्वित्झर्लंडमधल्या ट्रायलमध्ये पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांइतकाच उपयोगी ठरला, तेव्हापासून पाच दिवसच देतात.

सर्दीवरून एवढं कसं झालं, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. सर्दीचे व्हायरस, त्यातही रायनोव्हायरस, हे एक्झॅसर्बेशनचं फार नेहमीचं कारण आहे. निरोगी माणसाच्या श्वासनळ्यांना थोडी सूज आली तरी हवेला जागा उरते, पण वडिलांच्या नळ्या आधीच अरुंद, त्यात सूज आणि कफ, मग हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच नसते. पेशंट म्हणतात ‘श्वास आत जात नाही’. खरं तर आधीचा बाहेर आलेला नसतो.

राहिला मराठी शब्द. ‘तीव्रता’ चुकीचा आहे, ती मोजायची गोष्ट झाली, घडणारी नाही. ‘बिघाड’ फार मोघम आहे. ‘प्रकोप’ अर्थाला जवळ आहे, आयुर्वेदात सुश्रुतानं आजाराच्या सहा पायऱ्या सांगितल्यात, संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद, त्यातली ती दुसरी, पण तिथे तो दोषाचा प्रकोप आहे, आणि आज प्रकोप म्हटलं की लोकांना साथ किंवा निसर्गाचा कोप आठवतो. माझ्या मते आपल्याकडे याहून चांगले शब्द आजीच्या तोंडी होते : ‘दमा बळावला’, ‘जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली’. या दोन्हीत आजार आधीपासून आहे हे आपोआप येतं, नवीन आजाराला कोणी ‘उचल खाल्ली’ म्हणत नाही. म्हणजे एक्झॅसर्बेशनच्या पोटातली ती गृहीत गोष्ट मराठीनं न सांगता सांगितली. मी आता समजावून सांगताना ‘बळावला’ हाच शब्द वापरते आणि कार्डावरच्या इंग्रजी ओळीखाली पेननं तेवढं मराठी लिहून देते, त्यानं घरच्यांच्या चेहऱ्यावर फरक पडतो.

शेवटचं, हे कार्ड फाईलमध्ये वर ठेवा आणि अशी आजारपणं मोजा. गोल्डच्या २०२३ च्या वर्गवारीत ए, बी आणि ई असे गट आहेत, त्यातला ई एक्झॅसर्बेशनचाच. वर्षात एकदा जरी त्यासाठी अ‍ॅडमिट व्हावं लागलं, किंवा दोनदा घरीच स्टेरॉईड वा अँटिबायोटिकचा कोर्स लागला, तर पेशंट त्या गटात जातो आणि पंपातली औषधं वाढवायची का हा विचार होतो. तुमचे वडील त्यात बसतात. पुढच्या व्हिजिटला हे तुम्ही स्वतःहून काढा, आणि पंप ते कसा घेतात ते डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवायला सांगा, वर्षानुवर्षं चुकीचा घेणारे खूप भेटतात.


प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. परवा खूप त्रास झाला म्हणून तपासायला गेले तर डॉक्टर त्यांच्या असिस्टंटला म्हणाले, ‘एक्झॅजरेशन आहे’. मला इतकं वाईट वाटलं, म्हणजे मी नाटक करते, वाढवून सांगते असंच ना? त्यानंतर मी तिकडे गेलेच नाही. औषधं दिली होती ती घेतली, बरं वाटलं.

उत्तर : ताई, ते ‘एक्झॅजरेशन’ म्हणाले नसणार, ‘एक्झॅसर्बेशन’ म्हणाले असणार. मला जवळजवळ खात्रीच आहे, कारण नाटक समजले असते तर बळावलेल्या दम्याची औषधं दिली नसती आणि त्यानं तुम्हाला बरंही वाटलं नसतं. दोन्ही शब्द घाईत, मास्कमधून, दुसऱ्याला उद्देशून बोलले की कानाला सारखेच लागतात.

पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक्झॅजरेशन ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ ढीग रचणं, राईचा पर्वत म्हणा ना. एक्झॅसर्बेशन आला तो ‘अकेर्बुस’वरून, म्हणजे कडवट, तुरट, कच्च्या फळासारखं जिभेला झोंबणारं. त्यावरून चिडवणं, खवळवणं हा अर्थ झाला. गंमत बघा, मराठीतही आपण गळू चिडलं, जखम चिडली असं म्हणतो, आणि प्रकोप काय, विकोप काय, दोन्ही संस्कृतातल्या ‘कुप्’ म्हणजे रागावणं या धातूवरून आले. दुखणं शांत बसलेलं असतं आणि मग चिडतं, हे दोन्हीकडच्या लोकांना सारखंच जाणवलं.

तुमचं वाईट वाटणं मला पूर्ण समजतं. दम्याच्या पेशंटला आयुष्यभर कोणी ना कोणी म्हणतच असतं की एवढं काय झालंय, जरा शांत बस, त्यामुळे तो शब्द तुम्हाला तसाच ऐकू आला. आणि चूक आमचीही आहे, पेशंटच्या डोक्यावरून असिस्टंटशी इंग्रजीत बोलायचं आणि पेशंटकडे बघायचंही नाही, ही सवय वाईटच. पण कृपा करून तिथे जाणं सोडू नका. दमा एकदा बळावला की पुढच्या काही आठवड्यांत परत बळावू शकतो, तेव्हा बरं वाटत असतानाच दाखवून यायचं असतं, सूज कमी ठेवणारा रोजचा पंप नीट चाललाय का, आराम देणारा पंप किती वेळा लागतो ते बघायला. गेलात की सरळ विचारा, ‘त्या दिवशी तुम्ही काय शब्द वापरला होता?’ विचारायला अजिबात संकोच नको.


प्रश्न : बहिणीच्या रिपोर्टमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ लिहिलंय. प्रोग्रेस आहे म्हणून आम्ही सगळे खूश होतो, पण डॉक्टरांचा चेहरा वेगळाच होता.

उत्तर : हे सांगताना मला जड जातंय, पण वैद्यकीय भाषेत ‘प्रोग्रेस’ आजाराची असते, पेशंटची नाही. प्रोग्रेसिव्ह म्हणजे आजार पुढे सरकतोय, वाढतोय. रिपोर्ट कॅन्सरच्या स्कॅनचा असेल तर त्याला बहुतेक वेळा मोजमाप असतं : २००९ पासून वापरात असलेल्या नियमांप्रमाणे, मोजायला निवडलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज उपचारातल्या सगळ्यात कमी आकड्यापेक्षा किमान २० टक्के, आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवीन गाठ दिसली, तर ‘प्रोग्रेसिव्ह डिसीज’ लिहितात. फारसा फरक नसेल तर ‘स्टेबल डिसीज’, आणि तिथे स्टेबल ही चांगली बातमी असू शकते. प्रोग्रेसिव्ह लिहिलं म्हणजे उपाय संपले असं त्यात म्हटलेलं नाही, आत्ताचं औषध पुरेसं पडत नाहीये एवढं ते सांगतं. तेव्हा पुढच्या भेटीत विचारायचा प्रश्न हा की आता औषध बदलायचं का, आणि बदललं तर कशासाठी. बहिणीला सोबत घेऊन विचारा. तिच्यापासून लपवू नका, तिनंही तो शब्द वाचलेला असेल.


प्रश्न : मी आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करतो. एक्झॅसर्बेशन, रिलॅप्स, फ्लेअर, डीकॉम्पेन्सेशन, डिटिरिओरेशन, सगळ्याला मी ‘आजार वाढणे’ लिहितो. चालेल का?

उत्तर : नाही चालणार, कारण वाचणारा त्यावरून काहीतरी निर्णय घेणार असतो. प्रत्येक आजारानं आपापला शब्द धरून ठेवलाय. दमा आणि सीओपीडीला एक्झॅसर्बेशन, घरी आपण अ‍ॅटॅक म्हणतो. संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच हल्ला करते तो आजार), गाऊट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजतात तो) यांना फ्लेअर, तिथे ‘सांधे उठले’, ‘उचल खाल्ली’ छान बसतं.

रिलॅप्सला तर आपल्याकडे इतका नेमका शब्द आहे की तो टाकून ‘पुनरुद्भव’ वगैरे का लिहितात कळत नाही : उलटणं. टायफॉईड उलटला, ताप उलटला. बरं वाटायला लागलं होतं आणि तेच दुखणं परत आलं. इथे मधे बरं वाटण्याचा काळ लागतोच, बळावण्यात तो लागत नाही, हा दोघांतला खरा फरक. मलेरियात याचं फार स्पष्ट उदाहरण आहे : व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी लिव्हरमध्ये झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होऊन ताप परत आणतात, तो रिलॅप्स. म्हणून त्यात लिव्हरमधल्या परजीवींसाठी वेगळं औषध देतात आणि ते मधेच सोडायचं नसतं. इथे तुम्ही ‘आजार वाढला’ लिहिलंत तर पेशंटला वाटेल डास परत चावला असेल. मल्टिपल स्क्लेरॉसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजारात रिलॅप्स म्हणायला नवीन त्रास किमान २४ तास टिकावा लागतो. डिप्रेशनमध्ये तर दोन शब्द आहेत, पूर्ण बरं व्हायच्या आधीच परत खाली गेलं तर रिलॅप्स, पूर्ण बरं होऊन पुढे नव्यानं आलं तर रिकरन्स.

डीकॉम्पेन्सेशन हा हार्ट आणि लिव्हरचा शब्द. त्यामागचा विचार असा की अवयव खराब झालेला असतो पण शरीर इकडून तिकडून भरपाई करून निभावून नेत असतं, आणि एक दिवस ती भरपाई अपुरी पडते. सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर कडक होत गेलेला माणूस वर्षानुवर्षं काही त्रास नसलेला असू शकतो आणि मग पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते किंवा तो बरळायला लागतो. हार्ट फेल्युअरमध्ये पाय सुजतात, झोपलं की दम लागतो, तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वजन वाढलं तर डॉक्टरांना कळवा असं सांगतात ते यासाठीच. मी ‘हार्टचा तोल सुटला’ असं लिहीन.

डिटिरिओरेशन सगळ्यात सर्वसाधारण, आजार कुठलाही असो, पेशंट खालावतोय. प्रकृती खालावली, हाच शब्द. हॉस्पिटलात हे लवकर कळावं म्हणून गुण देण्याच्या पद्धती आहेत, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये आणलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली ‘न्यूज’ त्यापैकी एक. तिच्यात श्वासाचा वेग मिनिटाला १२ ते २० असेल तर शून्य गुण आणि २५ किंवा जास्त असेल तर एकदम तीन. जितके गुण जास्त तितकी काळजी जास्त. ‘विकोपाला जाणं’ मात्र जपून वापरा, त्यात आता हाताबाहेर गेलं असा सूर आहे, आणि ‘चिघळणं’ जखमेपुरतंच ठेवा.


प्रश्न : आई दम्याची पेशंट. रात्री त्रास झाला की डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं तेच सुचत नाही, मी नुसतं ‘सिरीयस आहे, सिरीयस आहे’ म्हणत राहते.

उत्तर : फोन करायच्या आधी एकच मिनिट आईजवळ बसा. तिला न सांगता तिची छाती किंवा पोट वर-खाली होताना बघा आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. मग तिला काहीही विचारा आणि ऐका, ती एक पूर्ण वाक्य एका दमात बोलते की दोन-दोन शब्दांनी थांबते. बोलताच येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ती गुंगीत जात असेल किंवा पंपानं काहीच फरक पडत नसेल तर हे मिनिटही घालवू नका, फोनवर चर्चा नको, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत डॉक्टरांनी सांगून ठेवलंय तसा आराम देणारा पंप देत राहा, बसवून ठेवा, आडवं करू नका.

तसं काही नसेल तर फोनवर सिरीयस म्हणू नका, फरक सांगा. आधी नेहमीचं, मग आजचं. कागदावर लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा, रात्री तेवढंच वाचायचं : ‘आईचा दमा काल संध्याकाळपासून बळावलाय. एरवी ती रात्रभर झोपते, आज तीनदा उठून बसली. एरवी आराम देणारा पंप आठवड्यातून एकदा लागतो, आज दुपारपासून चार वेळा घेतला. श्वास मिनिटाला सव्वीस. वाक्य मधेच तुटतंय. ताप नाही.’